नाकावर नजर ठेव

बेलापूर,
रविवार रात्र

प्रिय पोरी,

होबी १४ ही दोन हलची कॅटमरान (हल म्हणजे बोटीचं पाण्यात तरंगणारं अंग) घेऊन शर्यतीला एकटी उतरणार म्हणतेस. उतर. पण परवा जेटीवरून तुझं वळण पाहिलं, म्हणून लिहितोय.

एका हलची बोट वारा वाढला की कलते, कुरकुरते, माणसाला सावरायला वेळ देते. कॅटमरान बैठकीला रुंद, ती ताठच राहते. नुसता वेग वाढत जातो आणि वाऱ्याआडच्या हलचं नाक पाण्यात घुसतं. पुढचं टोक थांबतं, मागचं थांबत नाही, आणि तू डोलकाठीच्या पुढे भिरकावली जातेस. म्हणून शिडाकडे टक लावू नकोस, त्या नाकाकडे बघ. पाणी हलवरून वाहायला लागलं की मागे सरक आणि शीट, म्हणजे शीड ओढून धरणारा दोर, सोड.

१० नॉटचा वारा २० झाला की शिडावरचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. तुझं वजन मात्र तेवढंच, कितीही वडापाव खाल्लेस तरी. डाऊनहॉल, म्हणजे शीड खाली ताणणारा दोर, किनाऱ्यावरच कचकचून ओढ, शीड सपाट होऊ दे.

सगळ्यात वाईट जागा वरच्या बॉयची, म्हणजे वाऱ्याकडच्या टोकाला जिथून वळायचं त्या तरंगत्या खुणेची. वाऱ्यावर चढत येऊन वारा पाठीवर घ्यायला वळतेस, तेव्हा मध्येच तो पुरा आडवा लागतो. परवा तू नेमकी तिथेच घुटमळलीस. आधी पार मागे जाऊन बस, शीट ढिली कर आणि एका दमात वळ. त्यात दुपारचा वायव्येचा वारा बाहेर पडणाऱ्या ओहोटीला भिडला की लाट आखूड, उभी होते. नाक आणखी लवकर घुसतं.

उलटणार तर आहेसच. मी एकदा ऐन ओहोटीला खाडीत उलटलो. बावीस फुटी डोलकाठी गाळात रुतली आणि भरती येईपर्यंत फ्लेमिंगो माझ्याकडे बघत उभे! काही झालं तरी बोट सोडून पोहायचं नाही, ती तुझ्यापेक्षा वेगात वाहते. शीट मोकळी कर, नाक वाऱ्याकडे वळव, खालच्या हलवर उभी राहून दोराला मागे रेल. एकटीच्या वजनाने उठली नाही तर पाण्याने भरलेली पिशवी पाठीवर घे. हे मला वाऱ्यात करून दाखवल्याशिवाय शर्यतीला नाव द्यायचं नाही.

शनिवारी अमावास्या, भरती बाराच्या पुढेमागे. अकराला ये. जुने बूट घाल, जेटीखालचा गाळ नवे परत देत नाही.

तुझा,
काका