इंदूरमध्ये फौजदारी वकील करताना काय बघावं? चांगल्या घरचे वकील अशा केसेस घेत नाहीत, हे खरं का?

तुमच्या भावावर मारहाणीचा गुन्हा नोंदवला गेलाय, वकील शोधताय, आणि ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं की घरंदाज वकील फौजदारीला हात लावत नाहीत. मी इंदूरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारीच करते. घर रामबागेतलं, आजोबांपासून वकिलीचं. हे वाक्य मी आमच्याच घरात ऐकलंय, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. साफ खोटं आहे.

माझे काका दिवाणी वकील. वाटण्या, भाडेकरू, मृत्युपत्रं. पुढच्या खोलीत त्यांचं ऑफिस, आणि सनद मिळाली की मी तिथेच बसणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. मी एका फौजदारी सीनियरकडे जायला लागले, तेव्हा काका म्हणाले, "खुनी-दरोडेखोरांच्या आया आपल्या ओट्यावर येऊन बसणार असतील, तर तू जागा दुसरीकडे बघ." मी बघितली.

तिथे आलेली एक केस सांगते. नमकीनच्या कारखान्यात पॅकिंग करणारा मुलगा, जुन्या कायद्याचं ३०७, म्हणजे खुनाचा प्रयत्न, लागलेलं. रात्री गल्लीत भांडण झालं, एकाच्या पोटात चाकू लागला, फरियादीने चार नावं घेतली त्यात हाही. बाकीच्यांची जमानत झाली, हा आतच राहिला, कारण चाकू याच्याकडून जप्त दाखवला होता. सीनियरने चालान, म्हणजे पोलिसांचं आरोपपत्र, माझ्यापुढे टाकलं आणि सांगितलं, "बयानं मग वाच. आधी प्रत्येक कागदावरची वेळ लिहून काढ."

तेच केलं. 'चाकू लपवलाय, दाखवतो' असं मुलाने पोलिसांना सांगितल्याचा मेमोरेंडम संध्याकाळचा. चाकूचं जप्तीपत्रक त्याच दिवशीचं, पण दुपारचं. म्हणजे चाकू आधी सापडला आणि तो कुठे आहे ते मुलाने नंतर सांगितलं! दोन्ही कागदांवर पंच एकच, थान्यासमोर चहा विकणारा. उलटतपासात मी त्याला एवढंच विचारलं की सह्या कुठे बसून केल्या. "थान्यात," तो म्हणाला. जखमीच्या एमएलसीमध्ये, म्हणजे दवाखान्यातल्या पोलीस केसच्या तपासणी अहवालात, डॉक्टरने लिहिलेलं होतं, जखमी शुद्धीवर, अनोळखी लोकांनी मारल्याचं सांगतो. नावं दुसऱ्या दिवशी आली. मुलगा एकाच गल्लीत जखमीच्या दोन घरं पलीकडे राहणारा, तो अनोळखी कसा? कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं.

त्याची आई पेढे घेऊन आली ती रामबागेतच, तिला तेवढाच पत्ता माहीत. ओट्यावर बसली. काकांनी पेढा घेतला नाही. संध्याकाळी मला म्हणाले, "सुटला असेल, पण केलं असणारच त्यानं."

मला राग आहे तो याच वाक्याचा. 'केलं असणारच' एवढ्यावर माणूस तुरुंगात घालायचा तर कोर्ट कशाला हवं? आणि आरोपीचं काम न घेण्यात घरंदाजपणा कसला? बार कौन्सिलचा नियम आहे की वकील ज्या कोर्टात काम करतो तिथलं काम योग्य फी मिळत असेल तर त्याने घ्यावं. नाकारायचं तर तसंच खास कारण हवं. अमक्या आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही, असले बार असोसिएशनचे ठराव सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये रद्दबातल ठरवलेत. राज्यघटनेच्या कलम २२ मध्ये आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क लिहिलाय, त्यात आरोपी कोणत्या घरचा हे लिहिलेलं नाही.

आता तुमचं. एफआयआरमध्ये बहुतेक नव्या न्याय संहितेची २९६ (अश्लील शिवीगाळ), ११५(२) (साधी दुखापत), ३५१ (धमकी) ही कलमं असतील, जुन्या २९४-३२३-५०६ ची नवी रूपं. मुख्य आरोप साध्या दुखापतीचा असेल तर ११५(२) जामीनपात्र आहे, अटक झालीच तर जमानत थान्यातच व्हायला हवी. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी आधी नोटीस द्यावी, सरसकट अटक करू नये, हे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून ठरलेलं आहे. १०९, म्हणजे खुनाचा प्रयत्न, जोडलेलं असेल तर मात्र आजच वकील गाठा, मामला सेशन कोर्टाचा आहे.

वकिलाची डिग्री कुठली, मला काही फरक पडत नाही. सनद खरी आहे का ते जबलपूरच्या स्टेट बार कौन्सिलकडून कळतं. 'इतके टक्के केसेस जिंकल्या' अशी जाहिरात करणारा नको, वकिलाला जाहिरात करायलाच मनाई आहे. 'सुटला तर एवढे द्या' म्हणणारा तर अजिबात नको, निकालावर फी ठरवणं नियमाने बंद आहे. जमानतीचे किती, ट्रायलचे किती, हे वेगवेगळं ठरवा आणि पावती घ्या. मोठ्या नावाने भुलू नका. १९२५ च्या बावला खून खटल्यात इंदूर दरबारच्या आनंदराव फणसेंसाठी बॅरिस्टर जिना उभे होते, तरी फणसेंना शिक्षा झालीच. त्यापेक्षा एक दिवस कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा, त्या वकिलाची उलटतपासणी ऐका. बहुतेक खटले खुल्या कोर्टात चालतात, तुम्हाला कुणी अडवणार नाही. आणि पहिल्या भेटीत जो "खरं सांग, केलंस का?" विचारत बसतो त्याला सोडा. जो आधी एफआयआरची नक्कल मागतो, तो धरा. आमचे काका पहिल्या प्रकारातले.

दिवाणीवाल्यांना काही येत नाही असं माझं म्हणणं नाही, जमिनीच्या वादातून मारहाण झाली असेल तर त्यांचाही सल्ला घ्या. शिवाय इंदूरला २०२१ पासून पोलीस कमिश्नरी आहे, शांतता राखण्यासाठी बाँड घेणं वगैरे प्रतिबंधक कारवाई आता एसीपींच्या (सहायक पोलीस आयुक्तांच्या) कोर्टात चालते, तिथे रोज जाणारा माणूस हवा. भाऊ कोठडीत असेल तर सरकारी खर्चाने वकील मिळणं त्याचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० ला फोन करा. साध्या दुखापतीत तडजोड होऊ शकते, पण ती वकिलामार्फत, कोर्टात. फरियादीच्या घरी समजूत घालायला कुणी जाऊ नका, 'साक्षीदारांना धमकावलं' म्हणून तेवढ्यावरच जमानत रद्द होऊ शकते.