बर्फवादळात शहरांनी शाळा बंद ठेवाव्यात का, की हे मुलांचे फाजील लाड आहेत?

बंद ठेवाव्यात. निर्णय आदल्या संध्याकाळी जाहीर करावा, अगदीच नाही जमलं तर पहाटे पाचच्या आत. आणि मुलं एकदा शाळेत पोचली असतील तर भर दुपारी, बर्फ पडत असताना, त्यांना रस्त्यावर काढू नये. उत्तर एवढंच आहे. पण प्रश्नात तुम्ही 'फाजील लाड' लिहिलंय आणि हे मी आमच्या घरातही ऐकत आले आहे, म्हणून पुढचं सगळं लिहिते.

मी अमेरिकेत, उत्तर न्यू जर्सीत स्कूल बसवर एड, म्हणजे मुलांना सांभाळणारी मदतनीस आहे. आमची बस विशेष गरजा असलेल्या मुलांची. कुणी व्हीलचेअरवर, कुणाला हार्नेस, म्हणजे अंगाभोवतीचे पट्टे लागतात, कुणी एक शब्द बोलत नाही. दारातून मूल घ्यायचं, पट्टे बांधायचे, शाळेत सोडायचं आणि दुपारी तसंच परत आणायचं. ड्रायव्हर रस्त्याकडे बघतो, मी मुलांकडे बघते.

15 नोव्हेंबर 2018 चा गुरुवार. दोन-तीन इंच स्नो पडेल, मग त्याचा पाऊस होईल आणि सगळं वाहून जाईल, असा अंदाज होता. त्यामुळे शाळा उघड्या. दुपारी सुरू झालेला बर्फ थांबेचना. झाडांची पानं अजून गळायची होती, ओला बर्फ पानांवर साचून फांद्या रस्त्यात पडत होत्या. न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कात सहा इंचांच्या वर पडला, आमच्या चढाच्या भागात त्याहूनही जास्त. न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीला जोडणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिजवर गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि तिथून जे तुंबलं ते थेट आमच्या गल्ल्यांपर्यंत. ऑफिसं, दुकानं, शाळा, सगळ्यांनी एकाच वेळी माणसं घरी सोडली. बर्फ काढणारे प्लाऊ आणि बर्फ वितळवायला मीठ टाकणारे ट्रक त्याच रांगेत अडकून पडले. मग रस्ता साफ कोण करणार?

आमची बस एका चढावर थांबली ती थांबलीच. पुढची व्हॅन आडवी झालेली, मागे नजर जाईल तिथवर लाल दिवे. पहिला तासभर मुलं ठीक होती. मग अंधार पडला. न बोलणारा एक मुलगा बस थांबली की अस्वस्थ होतो, डोकं खिडकीवर आपटायला लागतो. ड्रायव्हरच्या लक्षात आलं की वायपर हलत असले की तो शांत बसतो. गाडी जागची हलत नव्हती तरी त्याने शेवटपर्यंत वायपर चालू ठेवले. माझ्या पिशवीत दिवाळीच्या चिवड्याचा डबा होता, मुलं भुकेने रडत होती आणि मी तो उघडू शकत नव्हते, कारण त्यात शेंगदाणे आणि बसमध्ये ॲलर्जीची मुलं. डायपर संपले. ओल्या कपड्यांतल्या पोरांना मी माझा कोट आणि स्वेटर आळीपाळीने पांघरत होते.

सगळ्यात भीती होती एका मुलीची. तिला फिट्स येतात, संध्याकाळच्या गोळीची वेळ ठरलेली. गोळी घरी. तिची आई फोनवर रडत होती. आम्ही कुठल्या चौकाच्या अलीकडे आहोत ते मी तिला नीट सांगितलं, आणि मुलीचा बाप चालत निघाला. किती वेळाने पोचला कोण जाणे, पण आला तेव्हा भुवयांवर बर्फ होता. कोटाच्या आतल्या खिशातून त्याने गोळीची पुडी आणि ॲपलसॉसची छोटी वाटी काढली, गोळी चमच्याने चुरडून त्यात कालवली आणि माझ्या मोबाइलच्या उजेडात लेकीला भरवली. मग दुसऱ्या दोन मुलांच्या आयांना आपल्या फोनवरून कळवलं, आणि खाली उतरून पुढच्या गाड्यांना धक्के देत राहिला. आमचं शेवटचं मूल घरी पोचलं तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती.

आमचीच बस अशी नव्हती. न्यू यॉर्क शहरात काही मुलं दहा-दहा तास बसमध्ये होती आणि आईबापांना बस कुठे आहे हेच कळत नव्हतं. 2019 मध्ये शहराने कायदा करून स्कूल बसमध्ये जीपीएस सक्तीचं केलं ते यामुळेच. त्याच रात्री न्यू जर्सीत वेस्ट ऑरेंजच्या एका शाळेने मुलांना परत आत घेतलं आणि ती तिथेच झोपली. त्या मुलांना ऊब होती, बाथरूम होतं, खायला होतं. माझ्या मुलांना यातलं काही नव्हतं.

त्याच शनिवारी फराळाला सगळे आमच्याकडे जमले होते. आमचे मोठे दीर म्हणाले, "एवढ्याशा बर्फाला काय घाबरायचं? आम्ही पुराच्या पाण्यातून दप्तर डोक्यावर धरून शाळेत जायचो." सगळे हसले. भाऊजी मोठे, पाहुण्यांसमोर उलट बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी पोळ्या वाढत राहिले. आज बोलते. भाऊजी, तुम्ही स्वतःच्या पायांनी जात होता. पाणी वाढलेलं दिसलं तर माघारी फिरता येत होतं. पट्ट्याने खुर्चीला बांधलेल्या मुलीला ते करता येत नाही. आणि आज तुमच्याच गावाकडे रेड अलर्ट आला की जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी जाहीर करतात, तेव्हा त्याला लाड कुणी म्हणत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. माझी मामेबहीण तेव्हा तिथल्या शाळेत शिकवत होती. त्यांच्या मुख्याध्यापिकेने गेट लावून घेतलं आणि एकाही पोराला बाहेर सोडलं नाही. रात्रभर बाकांवर झोपवलं, सकाळी पालक येऊन घेऊन गेले. ती बाई माझ्या लेखी खरी शहाणी.

माणसं बर्फाचे इंच मोजत बसतात, मला ते पटत नाही. अटलांटात 28 जानेवारी 2014 ला जेमतेम अडीच इंच पडला होता. पण तिथेही दुपारी शाळा, कचेऱ्या आणि धंदे एकदम सोडले, रस्त्यांचं काचेसारखं बर्फ झालं, आणि हजारो मुलांनी रात्र शाळेत काढली, काहींनी तर बसमध्ये. उलट बॉस्टनने 2015 मध्ये हिवाळाभरात शंभर इंचांहून जास्त बर्फ पाहिला. तिथे शाळा पुन्हा पुन्हा बंद ठेवल्या, लोक वैतागले, पण वादळ यायच्या आधी जाहीर होत होतं म्हणून निभावलं.

"अंदाज चुकला तर दिवस फुकट जातो" हेही भाऊजींचंच. जातो. जानेवारी 2015 मध्ये न्यू यॉर्कला दोन फुटांच्या आसपास बर्फ सांगितला होता, शाळा बंद केल्या आणि सेंट्रल पार्कात दहा इंचही पडला नाही. मेयरना लोकांनी खूप ऐकवलं. मग काय झालं? एक दिवस बुडाला, तो भरून काढता येतो. न्यू जर्सीत 180 दिवस शाळा भरवावीच लागते, म्हणून कॅलेंडरमध्ये स्नो डे, म्हणजे बर्फासाठी राखलेले सुट्टीचे दिवस, आधीच धरलेले असतात. संपले तर वसंताच्या सुट्टीतले कापतात.

यात माझा स्वार्थ काय, असं कुणी म्हणायच्या आत सांगते. मला तासावर पैसे मिळतात. शाळा बंद म्हणजे त्या दिवसाचा पगार नाही. फेब्रुवारीत दोन-तीन स्नो डे आले की आमच्या घरी ते जाणवतं. तरी मी बंदच म्हणते.

आता दुसरी बाजू, ती खरी आहे. न्यू यॉर्क शहरात नऊ-दहा लाख मुलं सरकारी शाळांत आहेत आणि त्यातल्या पुष्कळांना पोटभर जेवण मिळतं ते शाळेतच. 13 फेब्रुवारी 2014 ला वादळातही शाळा उघड्या ठेवल्या तेव्हा मेयर डी ब्लासियो यांनी हेच कारण दिलं होतं. निम्मी मुलंसुद्धा आली नाहीत, पण जी आली त्यात भुकेली असणारच. यावर उपाय म्हणजे प्रत्येक भागात चालत जाता येईल अशी एखादी शाळा जेवणासाठी आणि उबेसाठी उघडी ठेवायची. त्यासाठी शहरभर बस फिरवायची गरज नाही. ऑनलाइन वर्गांच्या भरवशावर तर राहूच नका. 13 फेब्रुवारी 2024 ला न्यू यॉर्कने ते करून पाहिलं, सकाळीच हजारो मुलांना लॉगिन होईना. आणि आमच्या मुलांपैकी बरीचशी स्क्रीनसमोर शिकूच शकत नाहीत.

बफेलोसारख्या गावांना मी हे सांगत नाही. तिथे प्लाऊ भरपूर, माणसांना सवय, चार इंचांत शाळा चालवता येते.

तुम्ही नवीनच आला असाल तर एक करा. शाळेच्या इमर्जन्सी कार्डावर फक्त नवराबायकोचे नंबर लिहू नका, शाळेपासून चालत जाता येईल अशा एका माणसाचाही लिहा. औषध चालू असेल तर एका दिवसाची जादा गोळी नर्सकडे ठेवता येते, त्यासाठी डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म लागतो. आणि दुपारी लवकर सोडतोय असा फोन आला तर विचारा, बर्फ थांबेपर्यंत मुलाला आतच ठेवाल का? आम्हा बसवाल्यांचं कुणी ऐकत नाही, पालकांचं ऐकतात.