पत्रिकेतल्या घटी-पळांची वेळ घड्याळात कशी आणायची? आणि एकाच पत्रिकेतल्या दोन वेळा जुळत का नाहीत?

आधी उत्तर देतो, मग गणित. तुमच्या आजोबांचा जन्म ७ जून १९४४ रोजी पहाटे २ वाजून १० मिनिटांनी झाला, आजच्या घड्याळाप्रमाणे. पत्रिकेतल्या घटी बरोबर आहेत. कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेले ‘पहाटे ३-१०’ हेसुद्धा बरोबर आहेत. तास कुठेही हरवलेला नाही, तो सरकारनं पुढे ढकलला होता.

तुम्ही दिलेला तपशील असा: जन्म पुण्याचा, शके १८६६, ज्येष्ठ शुद्ध १५, मंगळवार, ‘सूर्योदयात् गत घटी ५० पळे ३०’. सहस्रचंद्रदर्शनासाठी गुरुजींनी जन्मवेळ मागितली. तुम्ही घटींना ०.४ नं गुणलं, सूर्योदयाच्या वेळेत मिळवलं, २ वाजून १० मिनिटं आली, पेन्सिलीच्या आकड्याशी जुळेना. त्यात घरात वाढदिवस ६ तारखेला होतो आणि शाळेच्या दाखल्यावर ७ तारीख आहे.

एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतच्या साठ घटी. म्हणजे एक घटी २४ मिनिटांची. घटीची साठ पळं, एक पळ २४ सेकंदांचं. जुनी माणसं हे फार सुटसुटीत सांगायची: अडीच घटकांचा तास, अडीच पळांचं मिनिट. तोंडी हिशेब करायचा तर घटींची दुप्पट करून पाचानं भागा, आले ते तास. बाकी उरेल त्या प्रत्येक एकाची १२ मिनिटं धरा. पळांचंही तसंच, फक्त तासांऐवजी मिनिटं येतात आणि बाकीतल्या एकाचे १२ सेकंद. ५० घटींची दुप्पट १००, भागिले ५, वीस तास. ३० पळांची दुप्पट ६०, भागिले ५, बारा मिनिटं. सूर्योदयापासून २० तास १२ मिनिटं झाली.

इथे एक सांगून ठेवतो, कारण तुमचं उत्तर बरोबर आलंय ते नशिबानं. तुम्ही कॅल्क्युलेटरवर ५०.३० टाकून ०.४ नं गुणलंत, उत्तर आलं २०.१२ आणि ते तुम्ही २० तास १२ मिनिटं असं वाचलंत. घटी ५१ असत्या तर फसला असता. ५१.३० गुणिले ०.४ म्हणजे २०.५२, पण ५१ घटी ३० पळं म्हणजे खरं तर साडेएकावन्न घटी, आणि त्यांचे होतात २० तास ३६ मिनिटं. टिंबानंतरचा आकडा दशांश आहे की साठांश, हे कॅल्क्युलेटरला कळत नाही. एक्सेलमध्ये पत्रिका करणारे अर्धे लोक इथेच पडतात. घटी वेगळ्या रकान्यात, पळं वेगळ्या रकान्यात, घटी गुणिले २४ अधिक पळं गुणिले ०.४, उत्तर मिनिटांत. एवढं केलं की घोळ मिटतो.

आता सूर्योदय. ६ जूनला पुण्यात सूर्य साधारण ५ वाजून ५८ मिनिटांनी उगवतो, वर्ष कुठलंही असो, एखाद्या मिनिटाचा फरक पडेल. त्यात २० तास १२ मिनिटं मिळवली की होतात २६ वाजून १० मिनिटं. हल्लीच्या पंचांगांत तिथी-नक्षत्राच्या समाप्तीपुढे असे २५-४०, २६-१० आकडे दिसतात ते याचसाठी: पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नाही. चोवीस वजा करा, २ वाजून १०. काही ठिकाणी हेच ‘उ. रा. २-१०’ असं छापतात, उ. रा. म्हणजे उत्तररात्र. दोन्हींचा अर्थ एकच, की मंगळवार अजून संपलेला नाही.

तुमच्या घरच्या ६ आणि ७ तारखेचा उगमही यातच आहे. पत्रिका मांडणाऱ्या जोशीबुवांच्या लेखी बाळ मंगळवारी रात्री जन्मलं. इंग्रजी तारखेनं मध्यरात्र उलटून दोन तास झाले होते, म्हणजे बुधवार, ७ जून. कुणीतरी मंगळवारची तारीख बघून ६ धरली. शाळेत नाव घालणाऱ्यानं नेमकी तारीख घातली, जे आपल्याकडे विरळाच! त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचे वाढदिवस मास्तरांनी १ जूनला उरकलेले असतात. रेल्वेच्या तिकिटात हाच प्रकार उलटा होतो. १४ तारखेच्या रात्री जेवून-खाऊन १४ चंच तिकीट घेऊन माणूस स्टेशनवर पोचतो आणि ००-१० ची गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते.

आता मुख्य घोळ, एका तासाचा. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातली घड्याळं एक तास पुढे केली होती, संध्याकाळचा उजेड कामी यावा आणि वीज-इंधन वाचावं म्हणून. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत सलग ही वेळ चालली. त्याआधी १९४१-४२ मध्येही काही महिने होती. आजचा स्टँडर्ड टाइम ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असतो, तेव्हा तो साडेसहा तास होता. तुमच्या आजोबांची तारीख त्या काळाच्या बरोबर मधोमध पडते. (ज्या मंगळवारच्या रात्री ते जन्मले त्याच मंगळवारी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा उतरल्या.) म्हणजे घरातल्या भिंतीवरचं घड्याळ ३-१० दाखवत होतं आणि आजच्या हिशेबानं तेव्हा २-१० झाले होते.

मी घटींवर जास्त विसंबतो त्याचं कारण हेच. घड्याळाचा आकडा स्वतःबद्दल काहीच सांगत नाही. ३-१० कुठल्या घड्याळाचे, हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं. घटीच्या मागे मात्र ‘सूर्योदयात्’ हा शब्द असतो. कुठून मोजायला सुरुवात केली ते तिथेच नोंदलेलं आहे, आणि सूर्योदय कुठल्याही सरकारला पुढे-मागे करता येत नाही.

अर्थात घटींवरही डोळे मिटून भरवसा ठेवू नका. १९४४ साली पुण्यात बाळंतिणीच्या खोलीबाहेर घटीपात्र घेऊन कुणी बसलेलं नव्हतं. पाण्यावर सोडलेली, बुडाला बारीक भोक पाडलेली ती तांब्याची वाटी तोवर लग्नातल्या घंगाळापुरती उरली होती. कुणीतरी घड्याळात पाहिलं, चिठ्ठीवर ३-१० लिहिलं, आणि पुढे कधीतरी जोशीबुवांनी त्यावरून घटी काढल्या. म्हणजे घटीसुद्धा घड्याळातूनच आल्या आहेत. मग बुवांनी युद्धाचा तास वजा केला होता की नाही?

केला होता, आणि ते आकड्यातच दिसतं. त्यांनी ३-१० तसेच धरून ५-५८ चा सूर्योदय वजा केला असता तर २१ तास १२ मिनिटं, म्हणजे बरोबर ५३ घटी आल्या असत्या. पत्रिकेत ५० घटी ३० पळं आहेत. फरक अडीच घटींचा, नेमका एक तास. बुवा हुशार होते.

पेन्सिलीची नोंद नसती तरी पडताळा घेता आला असता. पत्रिकेतली कुंडली काढा. वर मधल्या चौकोनात जो आकडा आहे ती लग्नराशी किंवा नुसतं ‘लग्न’, म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्वेला उगवत असलेली रास. ७ जून १९४४ ला पहाटे २-१० ला पुण्यात मीन लग्न होतं, म्हणजे तिथे १२ हवेत आणि रवी तिसऱ्या घरात वृषभेत (२ आकड्याच्या घरात) हवा. तासाची चूक झाली असती तर लग्न मेष, वर १ आणि रवी दुसऱ्या घरात. चंद्र मात्र तासाभरात जेमतेम अर्धा अंश सरकतो, त्यामुळे रास दोन्ही वेळांना वृश्चिकच आणि नक्षत्र ज्येष्ठाच. त्यावरून काही कळणार नाही. कुठलीही जुनी पत्रिका हातात आली की आधी रवी कुठल्या घरात बसलाय ते बघावं. पहिल्या घरात किंवा आसपास असेल तर जन्म सूर्योदयाच्या सुमाराचा, दहाव्यात दुपारचा, सातव्यात सूर्यास्ताचा, चौथ्यात मध्यरात्रीचा. ढोबळ आहे, पण घटींमधली मोठी गफलत लगेच उघडी पडते. भविष्यावर माझा काडीचा विश्वास नाही, तरी कुंडली हे त्या क्षणाच्या आकाशाचं टिपण आहे, आणि घड्याळ म्हणून ते झकास चालतं.

पुढच्या कुणाला उपयोगी पडेल म्हणून आणखी दोन अडचणी सांगतो. काही पत्रिकांत रात्रीच्या जन्माला ‘रात्रौ गत घटी’ लिहितात, त्या सूर्यास्तापासूनच्या असतात. जूनमध्ये पुण्याला दिनमान, म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त, जवळजवळ ३३ घटींचं असतं. तुमच्या आजोबांचीच वेळ त्या पद्धतीनं लिहिली असती तर सुमारे साडेसतरा घटी झाली असती, आणि ती सूर्योदयापासून मोजणाऱ्यानं जन्म दुपारी एक वाजता नेऊन ठेवला असता. म्हणून घटीआधीचा शब्द वाचा, नुसता आकडा उचलू नका.

दुसरी अडचण मुंबईकरांची. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानात स्टँडर्ड टाइम आला, पण मुंबई शहरानं तो मनावर घेतला नाही. नगरपालिकेची घड्याळं ‘मुंबई टाइम’वरच चालत राहिली, ती थेट स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं. हा मुंबई टाइम स्टँडर्डच्या ३९ मिनिटं मागे. हिशेब सरळ आहे: स्टँडर्ड टाइम मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ रेखांशाचा, मुंबई त्याच्या पश्चिमेला जवळजवळ पावणेदहा अंश, आणि दर अंशाला चार मिनिटं. त्यामुळे १९३० च्या मुंबईतल्या जन्माला पत्रिकेत ‘स्टँ. टा.’ किंवा ‘मुंबई टाइम’ यांपैकी काही लिहिलेलं नसेल तर ३९ मिनिटांचा प्रश्न उभा राहतो, आणि तो सोडवायला पुन्हा घटी आणि लग्नच कामाला येतात. याच अंशांच्या हिशेबानं नागपूर आणि मुंबईच्या स्थानिक वेळेत २५ मिनिटांचा फरक पडतो, म्हणून घटी उलगडताना जन्मगावाचाच सूर्योदय घ्यायचा. सोलापूरच्या पंचांगातला सूर्योदय रत्नागिरीच्या बाळाला लावला की सरळ दहा-अकरा मिनिटं इकडची तिकडे होतात.

अचूकतेचं म्हणाल तर ३० पळांकडे बघून हरखून जाऊ नका. सूर्याची वरची कड दिसली की सूर्योदय धरायचा, की मध्यबिंदू क्षितिजावर आला की, यात पंचांगा-पंचांगांत फरक असतो आणि त्यानं तीन-चार मिनिटं मागेपुढे होतात. शिवाय भिंतीवरचं घड्याळ बरोबर होतं का, आणि त्या धावपळीत नक्की कधी पाहिलं, हे कोण सांगणार? २-१० म्हणजे दोन ते सव्वादोन, असं समजा.

मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये वेळ भरणार असाल तर आधी एक बघा. काही अ‍ॅप्सना युद्धकाळातला हा बदल ठाऊक असतो, काहींना नसतो. जन्मस्थळ आणि तारीख भरल्यावर टाइमझोन किती दाखवतंय ते पाहा. +५:३० असेल तर २-१० भरा. +६:३० असेल तर ३-१० भरा. उलटं केलंत तर एक तर तास दोनदा वजा होईल नाहीतर अजिबात होणार नाही. खात्री करायची असेल तर दोन्ही बाबतींत लग्न मीन आलं पाहिजे.

तिथीचं राहिलं. पत्रिकेत पौर्णिमा लिहिली आहे ती मंगळवारच्या सूर्योदयाची. पौर्णिमा त्या रात्री मध्यरात्रीच्या सुमारास संपली, म्हणजे प्रत्यक्ष जन्माच्या वेळी वद्य प्रतिपदा लागली होती. पत्रिकेत पुढे कुठेतरी ‘तदुपरि १’, म्हणजे ‘त्यानंतर प्रतिपदा’, असं काही लिहिलंय का ते बघा. घरात ‘वटपौर्णिमेचा जन्म’ म्हणत असतील तर म्हणू द्या. तिथीनं ओवाळायचं असेल तर कुठली धरायची ते गुरुजी आपल्या परंपरेप्रमाणे ठरवतील.

गुरुजींना मात्र नुसतं ‘२-१०’ पाठवू नका, नाहीतर तेच पेन्सिलीचा आकडा बघून फोन करतील. असं लिहून द्या: पुणे, शके १८६६, ज्येष्ठ शुद्ध १५ मंगळवार, सूर्योदयात् गत घटी ५० पळे ३०, इंग्रजी ७ जून १९४४ बुधवार, पहाटे २-१० स्टँडर्ड टाइम, युद्धकालीन घड्याळानं ३-१०.