‘वॉकेड’ म्हटलं आणि लेक हसली

प्रश्न : बाई, नमस्कार. मी घणसोलीला राहते, वाशीला एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. मुलगी पाचवीला, इंग्लिश मीडियममध्ये. परवा तिचा धडा घेताना मी ‘वॉकेड’, ‘लुकेड’ वाचलं, तर ती हसतच सुटली. ‘वॉक्ट’ म्हण म्हणाली. पुस्तकात तर ई-डी छापलंय, मग हा ट आला कुठून? शिवाय ‘शी डिडन्ट वॉन्टेड’ यात काय चुकलं? तिला विचारलं तर म्हणते, ‘असंच असतं.’
– एक आई, घणसोली

उत्तर : लेक बरोबर आहे, पण ‘असंच असतं’ हे उत्तर नव्हे. आणि ओशाळू नका. मी स्वतः शिक्षिका झाल्यावरसुद्धा फळ्यासमोर उभी राहून ‘आस्केड’ म्हणत होते. तपासणीला आलेल्या साहेबांनी तास संपल्यावर बाजूला घेऊन सांगितलं. मुलांसमोर बोलले नाहीत, हे उपकारच.

ट कुठून आला ते तुम्ही शाळेत शिकला आहात. विपद् अधिक काल, विपत्काल. आठवतो ना संधी? पुढे कठोर क आला आणि मृदू द चा त झाला. ‘विपद्काल’ म्हणून बघा, जीभ अडखळते. इंग्रजीत हाच प्रकार उलट्या बाजूने होतो. तिथे आधीचा ध्वनी मागून येणाऱ्या ड ला आपल्यासारखा करून घेतो. ‘वॉक’चा क कठोर, म्हणून ड चा ट : वॉक्ट. तसंच लुक्ट, हेल्प्ट, वॉश्ट. ‘ओपन’, ‘कॉल’, ‘प्ले’ यांचे शेवट मृदू किंवा स्वरान्त, तिथे ड टिकतो : ओपन्ड, कॉल्ड, प्लेड.

कठोर-मृदू विसरलात तर गळ्यावर हात ठेवा. ‘स्स्स’ म्हणताना गळा गप्प असतो, ‘म्म्म’ म्हणताना थरथरतो. गप्प असेल तर ट, थरथरला तर ड. मी ठाण्यात शिकवत असताना एकदा अख्खा वर्ग गळ्याला हात लावून ‘स्स्स, म्म्म’ करत बसला होता. मुख्याध्यापक दारात येऊन म्हणाले, ‘बाई, सगळ्यांचाच घसा बसला की काय?’

यात एकच सांभाळायचं. कान लावायचा, स्पेलिंग बघायचं नाही. ‘लाफ’ लिहिताना शेवटी जी-एच येतात, पण ऐकू फ येतो, म्हणून लाफ्ट. ‘डान्स’च्या शेवटी लिहिताना ई आहे, ऐकू स येतो, म्हणून डान्स्ट.

मग ‘वॉन्टेड’मध्ये स्वर का? ‘वॉन्ट’च्या ट ला आणखी एक ट किंवा ड चिकटवून बघा, भूतकाळ ऐकूच येत नाही. म्हणून ट आणि ड नंतर मध्ये एक छोटा स्वर घालतात, आपल्या ‘इ’च्या जवळचा : वॉन्टिड, नीडिड. तुमच्या ‘एड’ला जागा आहे ती इथे.

तिन्ही एका वाक्यात हवेत? आपल्या ठाण्याची पहिली गाडी घ्या. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून निघालेली, १४ डबे, साधारण ४०० पाहुणे, आणि साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. ती ‘स्टार्टिड’ बोरीबंदरहून, इंजिनांनी ‘पुल्ड’, आणि ठाण्याला ‘रीच्ट’. घणसोलीहून वाशीला पोचेपर्यंत चार वेळा घोका.

आता ‘डिडन्ट वॉन्टेड’. ही चूक आपल्याकडून सहज होते. मराठीत ‘गेली नाही’ म्हणताना भूतकाळ ‘गेली’तच राहतो. आपण तो तसाच इंग्रजीत नेतो. तिथे मात्र ‘डिड’ आला की भूतकाळ त्याच्याकडे गेला आणि मूळ क्रियापद रिकामं झालं : ‘शी डिडन्ट वॉन्ट’. वर्तमानकाळातला एस तसाच. ‘शी वॉन्ट्स’, पण नकारात ‘शी डझन्ट वॉन्ट’. एस ‘डझ’ने उचलला. बाकी इंग्रजी क्रियापदाला बाई-पुरुष काही कळत नाही. आपल्याकडे गेलो, गेले, गेली, गेलं. तिकडे सगळ्यांना एकच ‘वॉक्ट’. आपलं मराठी शिकणाऱ्याचे हाल आठवले की इंग्रजीचा राग जरा कमी होतो.

राहता राहिला तो छापलेला ई. तो उगाच नाही. पूर्वी खरोखर म्हणत असत. पुढे लोकांनी तो गिळायला सुरुवात केली, तेव्हा जोनाथन स्विफ्टसारखा लेखक १७१२ साली वैतागला होता : कवी ‘डिस्टर्ब्ड’, ‘रिब्यूक्ट’ असले शब्द तोडून व्यंजनं व्यंजनांवर आदळतात म्हणून. त्याचं कोणी ऐकलं नाही. पण काही विशेषणांत तो जुना स्वर अजून जिवंत आहे : ‘नेकिड’, ‘विकिड’. आणि विद्वान या अर्थाचा ‘लर्निड’.

आज रात्री लेकीला ‘लर्न्ड’चंच स्पेलिंग कागदावर लिहून द्या, पुढे ‘जज’ लिहा आणि मोठ्याने वाचायला सांगा. ‘लर्न्ड जज’ म्हणाली, तर हसायची पाळी तुमची.