क्रीडा मंडळाचे सुरक्षा धोरण : काय लिहावे आणि किती लिहावे

प्रश्न : आमचे क्रीडा मंडळ पूर्णपणे स्वयंसेवकांच्या बळावर चालते. मुले आणि प्रौढ दोघेही फुटबॉल व धावण्याचा सराव करतात. आम्ही ज्यांचे मैदान वापरतो त्यांनी यंदा लेखी आरोग्य व सुरक्षा धोरण मागितले आहे. एका सदस्याने मोठ्या क्लबचे चाळीस पानी धोरण मिळवले असून त्यात फक्त नाव बदलावे, असे त्यांचे म्हणणे आहे. दुसऱ्या सदस्यांना भीती वाटते की, लेखी दिले तर मंडळ कायद्याच्या कचाट्यात सापडेल. आम्ही काय करावे? (एका मंडळाचे सचिव)

उत्तर : ते चाळीस पानांचे धोरण कृपया बाजूला ठेवा. त्यात पगारी सुरक्षा अधिकारी, वैद्यकीय कक्ष आणि दरमहा तपासण्या असतील, आणि यांपैकी काहीही आपल्याकडे नाही. अपघातानंतर चौकशी झालीच, तर ‘हे तुम्हीच लिहिले आहे, मग केले का नाही?’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जाईल. दुसऱ्या सदस्यांची भीती मात्र मला पटत नाही. मैदानावर येणाऱ्यांची वाजवी काळजी घेण्याची जबाबदारी धोरण लिहिल्यामुळे अंगावर येत नाही, ती आधीपासूनच असते. तिचे तपशील ठिकठिकाणच्या कायद्यानुसार बदलतात, म्हणून मसुदा मंजूर करण्यापूर्वी आपल्या विमा कंपनीला अवश्य दाखवा.

अशा धोरणाचे साधारणपणे तीन भाग असतात : मंडळाची भूमिका, जबाबदाऱ्यांची वाटणी आणि प्रत्यक्ष व्यवस्था. भूमिकेला अर्धे पान पुरते. खाली अध्यक्षांची सही आणि तारीख असावी. जबाबदाऱ्या लिहिताना ‘समिती लक्ष ठेवील’ असे वाक्य कटाक्षाने टाळा, कारण जे काम सर्वांचे असते ते कोणीच करत नाही. प्रथमोपचार पेटी कोण तपासणार, सराव रद्द करण्याचा अधिकार कोणाला आणि ती व्यक्ती नसेल तर कोणाला, हे पद आणि नाव या दोन्हींसह लिहा.

व्यवस्थेचा भाग टेबलाशी बसून लिहिता येत नाही. ज्या वेळी सराव चालतो त्याच वेळी प्रशिक्षकांना सोबत घेऊन मैदानाला संपूर्ण फेरी मारा. संध्याकाळचा सराव असेल तर दिवसा गेल्याने अपुरा उजेड लक्षात येणार नाही. प्रत्येक धोक्यापुढे तो कोणाला होऊ शकतो, आज त्यावर काय उपाय आहे, आणखी काय करायचे आणि कोणी, एवढे लिहिले की पुरे. फुटबॉलच्या हलवता येणाऱ्या गोलपोस्टचेच पाहा. तिचा बराचसा भार पुढच्या बाजूला असतो. मूल आडव्या दांडीला लोंबकळले की ती पुढे कलंडते, आणि अशा गोलपोस्टखाली सापडून मुलांचे मृत्यू झालेले आहेत. मागची दांडी जमिनीत खुंट्यांनी घट्ट बसवणे किंवा तिच्यावर पुरेशी वजने ठेवणे, सरावापूर्वी ती हलवून पाहणे आणि सराव संपल्यावर गोलपोस्ट कुलूपबंद करणे, हा तिच्यावरचा उपाय. तो करणाऱ्याचे नाव धोरणात हवे.

सर्वाधिक वेळ द्यावा तो आणीबाणीच्या योजनेला. कोणाचाही धक्का न लागता खेळाडू कोसळला आणि प्रतिसाद देत नसेल, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत त्याचे हृदय बंद पडले आहे असेच समजावे. अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. येथेच बघ्यांची फसगत होते आणि मोलाचा वेळ जातो. प्रौढाच्या छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 या गतीने, किमान 5 सेंटिमीटर खोल दाब देणे लगेच सुरू करावे लागते आणि त्याच वेळी दुसऱ्याने डिफिब्रिलेटर (विजेचा झटका देऊन हृदयाचे ठोके पूर्ववत करणारे यंत्र) आणायला धावावे लागते. 2021 च्या युरो स्पर्धेत डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन मैदानावर कोसळला, तेव्हा याच दोन गोष्टी विनाविलंब झाल्या आणि तो वाचला. आपल्याकडे वैद्यकीय पथक नसेल, पण पुढील चार प्रश्नांची उत्तरे मात्र तयार असू शकतात : फोन कोण करणार, मैदानाचा नेमका पत्ता फोनवर कसा सांगायचा, फाटकाची किल्ली कोणाकडे आहे आणि रुग्णवाहिकेला वाट दाखवायला फाटकापाशी कोण उभे राहणार? ही योजना एका पानावर लिहून मैदानावर लावा आणि हंगामाच्या आरंभी तिची रंगीत तालीम घ्या. तालमीत किल्ली सापडली नाही, तर तालमीचे सार्थक झाले असे समजा.

डोक्याला मार लागल्यास नियम एका वाक्याचा ठेवा : मेंदूला हादरा बसल्याची नुसती शंका आली तरी खेळाडू ताबडतोब बाहेर जाईल आणि त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही. शुद्ध हरपली नाही म्हणजे इजा झाली नाही, असे नसते. हा निर्णय खेळाडू, पालक किंवा कर्णधार यांच्यावर सोडू नये. अंतिम सामन्यात तर मुळीच नाही. विजेसाठीही असाच ठाम नियम हवा. गडगडाट ऐकू येताच पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे मैदानावर परतायचे नाही. कडक उन्हात खेळाडू असंबद्ध बोलू लागला किंवा त्याचा तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजून रुग्णवाहिका बोलवावी, पण तिची वाट पाहत थांबू नये. थंड पाण्याने अंग गार करणे जागेवरच सुरू करावे.

मुलांच्या संदर्भात एक गोष्ट निक्षून लिहा : कोणताही प्रौढ मुलासोबत बंद जागेत एकटा राहणार नाही, आणि तक्रार ऐकणारी व्यक्ती त्या संघाची प्रशिक्षक नसेल.

अपघातांची नोंदवही ठेवाच, पण थोडक्यात टळलेले प्रसंगही तिच्यात लिहा. एकाच कोपऱ्यात तिघांचे पाय घसरले हे वहीत दिसले, तर चौथ्याचा घोटा मोडण्याआधी तो कोपरा दुरुस्त होतो. धोरणाचा फेरविचार वर्षातून एकदा आणि प्रत्येक गंभीर अपघातानंतर करावा. मंडळाच्या आकाराकडे पाहता सारे मिळून पाच-सहा पाने होतील. त्याहून वाढू लागले तर काय गाळता येईल ते पाहा.

प्रश्न : ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर खेळत आहे’ असे प्रत्येकाकडून लिहून घेतले, तर धोरणाची गरज उरते का? (एक प्रशिक्षक)

उत्तर : उरते. खेळात अटळ असलेला धोका खेळाडू स्वीकारू शकतो. सैल गोलपोस्टचा धोका त्याने स्वीकारलेला नसतो. मुलांच्या वतीने अशी सही घेऊन मंडळ निर्धास्त होऊ शकत नाही. त्याच कागदाचा खरा उपयोग करायचा असेल, तर त्यावर दमा, अपस्मार, मधुमेह, ॲलर्जी, चालू औषधे आणि तातडीने संपर्क साधायची व्यक्ती यांची माहिती घ्या. ती गोपनीय ठेवा, मात्र सराव घेणाऱ्या प्रशिक्षकाच्या हाती ती असलीच पाहिजे, आणि दमा असलेल्या मुलाचा पंप कपडे बदलण्याच्या खोलीतल्या पिशवीत न राहता मैदानाच्या कडेलाच राहील, याची खात्री सराव सुरू होण्यापूर्वी करून घ्या.