विद्यापीठातले सामाजिक न्यायाचे कार्यक्रम ‘त्यांचे’ न राहता सगळ्यांचे कसे होतील?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : कोकणातल्या एका विद्यापीठ परिसरात समान संधी कक्षाची जबाबदारी तुमच्याकडे नव्याने आली आहे, मार्च २०२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहाची शताब्दी येत असल्यामुळे वर्षभर कार्यक्रम घ्यावेत असे वरिष्ठांनी सुचवले आहे, परंतु अशा कार्यक्रमांना दरवेळी तेच विद्यार्थी येतात आणि बाकीचे ‘तो त्यांचा कार्यक्रम आहे’ असे म्हणून फिरकत नाहीत. शिवाय ‘शिक्षणाच्या जागी जात कशाला आणता’ असे विचारणाऱ्या पालकांना काय सांगावे, हेही तुम्ही विचारले आहे. कोकणातल्याच महाविद्यालयांत शिकवताना राष्ट्रीय सेवा योजनेचे काम मी बरीच वर्षे पाहिले, त्या अनुभवावरून लिहिते.

माझे मत असे की विद्यार्थ्यांना या विषयात रस नसतो, हे निदान अपुरे आहे. कार्यक्रम कोणी ठरवला, त्याची तयारी कोणी केली आणि त्यात कोणाचा प्रश्न हाती घेतला, यावरून तो कोणाचा हे ठरते. विषय एका विभागाने ठरवला, वक्ता बाहेरून आणला आणि विद्यार्थ्यांना केवळ सभागृह भरण्यासाठी बोलावले, तर तो कोणाचाच कार्यक्रम होत नाही. ज्यांना त्या महापुरुषाविषयी मुळातच आदर आहे तेवढेच विद्यार्थी निष्ठेने येऊन बसतात.

सर्वांत आधी वेळेकडे पाहा. तुमच्या परिसरात साधारण दोन प्रकारचे विद्यार्थी असणार. एक वसतिगृहातले, त्यांतले पुष्कळ घाटावरचे, मराठवाड्यातले किंवा विदर्भातले. आणि दुसरे आजूबाजूच्या गावांतून एस.टी.ने रोज ये-जा करणारे स्थानिक. दुपारी चारनंतर ठेवलेला कार्यक्रम हा केवळ वसतिगृहाचा कार्यक्रम असतो. संध्याकाळची गाडी चुकली तर ज्या मुलीला फाट्यावरून अंधारात वाडीपर्यंत चालत जावे लागते, ती थांबणार नाही आणि तिने थांबू नये. विशेष खेदाची गोष्ट अशी की सामाजिक न्यायाचा विषय जिच्या आयुष्याशी सर्वाधिक निगडित आहे, बहुधा तीच या वेळेमुळे बाहेर राहते. म्हणून कार्यक्रम तासिकांच्या वेळेत, पाऊण तासाचा आणि वेगवेगळ्या तुकड्यांसाठी पुन्हा पुन्हा घेता येईल असा ठेवा. एस.टी.चे वेळापत्रक समोर ठेवल्याशिवाय कोणतीही तारीख नक्की करू नका.

दिनदर्शिकेचेही तसेच आहे. २६ जून हा राजर्षी शाहू महाराजांचा जन्मदिवस राज्यात सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो, पण त्या सुमारास कोकणात शेतीची कामे भरात असतात आणि शेतकरी घरांतली मुले शेतात असतात. १४ एप्रिलच्या सुमारास परीक्षा आणि आंब्याचा हंगाम एकत्र येतात. या दोन दिवशी अभिवादन अवश्य करावे; मात्र विचाराचे आणि चर्चेचे मोठे काम दिवाळीच्या सुट्टीनंतर घ्यावे. २६ नोव्हेंबरचा संविधान दिन, २८ नोव्हेंबरचा महात्मा फुल्यांचा स्मृतिदिन, ६ डिसेंबर, ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती अशी सलग माळ त्या काळात मिळते आणि हवाही चांगली असते.

आता महाडविषयी, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या घटनेतच दिसते. बाबासाहेब आणि त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्याले तो २० मार्च १९२७ हा एक दिवस आपण साजरा करतो, परंतु त्या दिवसाच्या आधी आणि नंतर झालेले काम विद्यार्थ्यांपुढे ठेवत नाही. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही प्रत्यक्षात तेथे पाणी भरणे कोणाला शक्य झाले नाही. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी महाडला अस्पृश्यांची परिषद भरवण्याची कल्पना उचलून धरली आणि गावोगावी संपर्क केला. अनंतराव चित्रे, नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ही सवर्ण समाजातली माणसे त्या कामात बरोबरीने उभी राहिली. परिषदेला आलेल्या लोकांसाठी चाळीस रुपये खर्चून पाणी विकत घ्यावे लागले, हा तपशील विद्यार्थ्यांना सांगा. तळे समोर असताना पाणी विकत घेणे म्हणजे काय, हे त्यांना लगेच समजते. तळ्यावरून परतलेल्या लोकांवर हल्ला झाला तेव्हा काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला, आणि डिसेंबरच्या परिषदेसाठी जागा मिळेना तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. चळवळीतून ब्राह्मणांना वगळावे, ही ब्राह्मणेतर नेत्यांकडून आलेली अट बाबासाहेबांनी मानली नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले, त्याचा ठराव सहस्रबुद्धे यांनी मांडला होता. तळ्याचा दावा तर मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी निकाली निघाला, म्हणजे ओंजळभर पाण्याच्या हक्कासाठी आणखी दहा वर्षे कागदपत्रे, साक्षी आणि वकिली यांचे काम चालू होते.

हे सगळे एका भाषणात सांगून टाकू नका. विद्यार्थ्यांचे गट करा आणि प्रत्येक गटाला त्या घटनेचा एकेक भाग द्या : एकाने कायदेमंडळाचा ठराव, एकाने नगरपालिकेचा ठराव, एकाने परिषदेची तयारी, एकाने डिसेंबर, एकाने दहा वर्षांचा खटला. गट करताना वसतिगृहातले आणि गावातून येणारे विद्यार्थी, वेगवेगळ्या शाखांचे विद्यार्थी मुद्दाम एकत्र घाला. विधीच्या किंवा वाणिज्यच्या विद्यार्थ्याला खटल्याचा भाग मनापासून आवडतो, आणि तो भाग त्याने स्वतः मांडला की पुढच्या वेळी तो ‘त्यांचा कार्यक्रम’ असे म्हणत नाही.

स्थानिक मुलांना जोडून घेण्यासाठी दुसरा विषय खोतीचा आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. रत्नागिरी आणि तेव्हाचा कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या जिल्ह्यांत खोत, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारे वतनदार, आणि कुळे यांचे संबंध कसे होते, हे आजही घराघरांतल्या आठवणींत आहे. अलिबाग तालुक्यात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप सुमारे सहा वर्षे चालला. कुळांनी जमिनी पडीक ठेवल्या, लाकडे विकून दिवस काढले, पण संप मोडला नाही. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या कुळांसह हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर गेला. त्या मोर्चात कुणबी होते आणि महारही होते. कोकणात खोती कायद्याने संपली ती १९४९च्या कायद्यामुळे. आज तुमच्या वर्गात शेजारी बसूनही एकमेकांशी मोजकेच बोलणाऱ्या दोन मुलांचे पणजोबा एकाच मागणीसाठी एकत्र उभे राहिले असण्याचा पुष्कळ संभव आहे. त्यांना दिवाळीच्या सुट्टीत घरच्या वृद्धांशी बोलून खोतीच्या, वेठीच्या, मुंबईच्या गिरणीत गेलेल्या माणसांच्या आठवणी लिहून आणायला सांगा. खोतांच्या घरांतली मुलेही वर्गात असतील. त्यांना आरोपी म्हणून उभे करू नये, त्यांच्या घरच्या आठवणीही तितक्याच आस्थेने ऐकाव्यात आणि वाचनाच्या वेळी सर्व आठवणी एकापाठोपाठ याव्यात. परिसरात परस्परसंबंध निर्माण होण्यासाठी मला याहून चांगला उपक्रम माहीत नाही.

याला लागून आणखी एक छोटा अभ्यास घेता येईल. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२० मध्ये घेतला. आपल्या गावात पाटी बदलली का, ग्रामपंचायतीच्या कागदांत नाव बदलले का, आणि लोकांच्या बोलण्यात कोणते नाव राहिले, हे प्रत्येकाने आपापल्या गावापुरते पाहून यावे. त्यासाठी पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही, आणि प्रत्येकाकडे सांगण्यासारखे काहीतरी असते.

कामाच्या वाटणीबाबत मी आग्रहाने सांगेन. व्यासपीठावर कोण, सूत्रसंचालन कोणाकडे, खुर्च्या कोण लावतो आणि शेवटी पेले कोण धुतो, याची यादी एकदा कागदावर मांडा. पुष्कळदा इंग्रजी माध्यमातली, शहरातली मुले माईक हाती घेतात आणि गावाकडची मुले सतरंज्या उचलतात. मुलींकडे रांगोळी आणि स्वागताचे तबक येते. समतेच्या कार्यक्रमात ही वाटणी राहिली तर विद्यार्थी भाषणापेक्षा तिच्यातूनच शिकतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिराचा येथे फार उपयोग होतो, कारण तेथे स्वयंपाक, भांडी, पाणी, झाडलोट यांच्या पाळ्या लावता येतात आणि मुलगे-मुली दोघांच्याही वाट्याला सगळी कामे देता येतात. शिबिराचा मुक्काम गावातल्या कोणत्या वाडीत आहे आणि जेवणाच्या पंगतीला कोणकोणत्या वाड्यांतली माणसे येतात, याकडे शिबिरप्रमुखाने स्वतः लक्ष द्यावे. मोहल्ल्यातले, कोळीवाड्यातले, कातकरी वाडीतले लोक आपणहून येणार नाहीत. त्यांच्याकडे आधी जाऊन बसावे लागते. कातकरी ही केंद्र सरकारने विशेष असुरक्षित म्हणून गणलेली आदिवासी जमात आहे, आणि त्यांच्यातला एखादा मुलगा तुमच्यापर्यंत पोहोचला असेल तर तो किती अडथळे ओलांडून आला आहे हे शिक्षकांना ठाऊक असलेच पाहिजे.

मात्र अशा विद्यार्थ्याला व्यासपीठावर बोलावून ‘तुझा अनुभव सांग’ असे कधीही म्हणू नका. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात, टाळ्या होतात, आणि दुसऱ्या दिवसापासून वर्गात त्याची तीच एक ओळख उरते. स्वतःहून बोलायचे असेल त्याला अवश्य बोलू द्यावे, पण त्याच्याकडून इतिहास, कायदा, आकडे, मत यांचीही अपेक्षा ठेवावी.

कार्यक्रमांइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक, महत्त्व रोजच्या कामाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२च्या विनियमांनी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद केली. तो अधिकारी कोण, कोठे बसतो आणि तक्रार कशी द्यायची, हे प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक वर्गात जाऊन सांगा. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याखालील अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावेही त्याच वेळी सांगा. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणीची कागदपत्रे, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांना मदत देणारी स्वाधार योजना यांसाठी आठवड्यातून दोन दिवस मदतीचा टेबल लावा आणि तेथे वरच्या वर्गातले सर्व समाजांतले विद्यार्थी बसवा. आधाराशी न जोडलेले बँक खाते किंवा चुकीचे आडनाव एवढ्या कारणाने वर्षभराची रक्कम अडकते. शिष्यवृत्तीच्या याद्या नावासह आणि प्रवर्गासह सूचनाफलकावर लावण्याची पद्धत तुमच्याकडे असेल, तर ती बंद करवून केवळ अर्ज क्रमांक लावायला सांगा. या एका बदलासाठी प्रशासनाशी केलेला पत्रव्यवहार मला एका मोठ्या व्याख्यानाइतका मोलाचा वाटतो. ज्या कक्षाने अर्ज भरून दिला त्या कक्षाच्या कार्यक्रमाला विद्यार्थी न सांगता येतात, आणि मित्रांना घेऊन येतात.

पालकांच्या आक्षेपाबद्दल. ‘जात आणू नका’ असे म्हणणारे सगळेच दुष्ट हेतूने बोलत नाहीत. आपल्या मुलाला अपराधी ठरवले जाईल, किंवा परिसरात भांडणे होतील, ही त्यांची भीती असते. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी त्यांना कार्यक्रमाला बोलवा, विशेषतः आठवणींच्या वाचनाला. प्रवेश अर्जावर, वसतिगृहातल्या खोल्यांच्या वाटपात, टोपणनावांत आणि आडनाव विचारण्याच्या पद्धतीत जात आधीपासून असते, आणि विद्यापीठावर तिच्यामुळे होणारा भेदभाव रोखण्याची जबाबदारी आहे, हे शांतपणे पण स्पष्ट शब्दांत सांगा. संविधानाच्या १५व्या आणि १७व्या अनुच्छेदांचा मजकूर मराठीत छापून हाती द्या. राजकीय पक्षांची माणसे पाहुणे म्हणून नेमू नका आणि देणगीही घेऊ नका. एवढे पाळले की निम्मा आक्षेप आपोआप गळून पडतो.

शेवटी महाडच्या सहलीविषयी. २० मार्चला तेथे राज्यभरातून फार मोठा जनसमुदाय येतो, त्या गर्दीत विद्यार्थ्यांना काही दाखवणे आणि समजावणे अवघड जाते. अभ्याससहल जानेवारी-फेब्रुवारीत न्या. रेल्वेने येणाऱ्यांना वीर हे स्थानक जवळचे आहे. चवदार तळे आणि क्रांतिस्तंभ पाहून झाल्यावर जवळच्या रावढळला जा, कारण लष्करातून निवृत्त झालेले गोपाळ बाबा वलंगकर तेथले. त्यांनी १८८८ मध्येच अस्पृश्यतेविरुद्ध प्रश्नांच्या रूपात पुस्तिका लिहिली होती, म्हणजे महाडच्या भूमीत हा विचार सत्याग्रहाच्या कितीतरी आधी रुजला होता. एक दिवस हाती असेल तर मंडणगड तालुक्यातले आंबडवे, बाबासाहेबांचे मूळ गाव, त्याच दौऱ्यात धरता येते. वर सांगितलेल्या पाचही गटांनी आपापला भाग त्या त्या जागी उभे राहून सांगावा, प्रत्येकाला दहा मिनिटे द्यावीत, आणि गाडीभाडे सर्वांकडून सारखे न घेता ज्यांना जमणार नाही त्यांचे भाडे विद्यार्थी कल्याण निधीतून, नाव जाहीर न करता, आधीच भरून ठेवावे.