जनुकं बदललेला धान आला तर युरिया टाकावाच लागणार नाही, हे खरं आहे का?

नाही भाऊ, तुम्ही विचारलंय त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात. तूर-हरभऱ्यासारखा धानानं हवेतला नायट्रोजन स्वतःच धरायचा, ते अजून प्रयोगशाळेतच अडकलंय, कारण ते काम करणारं एन्झाइम ऑक्सिजन लागला की खराब होते, अन् तुरीच्या मुळाला गाठी असतात तशी सोय धानाजवळ नाही. दुसरी गोष्ट, टाकलेलाच युरिया पिकानं जास्त उचलायचा, हे मात्र होण्यासारखं आहे.

45 किलोच्या बॅगेत 46 टक्के, म्हणजे 21 किलोच्या आसपास नायट्रोजन. 1999 चा जगभराचा एक हिशोब आहे, त्यात तृणधान्यांच्या दाण्यात पोचतो फक्त 33 टक्के, म्हणजे 7 किलो धरा. बाकीचा काही तणसात-मातीत राहते, काही अमोनिया होऊन उडून जाते, काही खाली झिरपते.

आता यातली मजा बघा. हरितक्रांतीतल्या बुटक्या जाती आपण घेतल्या कारण युरिया टाकला तरी लोळत नाहीत, पण उंची दाबणारं जे डेला नावाचं प्रोटीन आहे तेच नायट्रोजन उचलणंही मंद करते, म्हणून त्यांना खत जास्तच पाजावं लागते. 2018 मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की जीआरएफ4 हे जनुक जोरात चाललं तर झाड बुटकंच राहते अन् नायट्रोजनही जास्त ओढते. आणि हा जोरदार प्रकार धानाच्या काही जातींत आधीपासूनच आहे, म्हणजे साध्या संकरानंही आणता येतो, जीएम (म्हणजे जनुकं बदललेलं) बियाणंच पाहिजे असं नाही (आपल्याकडे लागवडीला मंजूर जीएम पीक तसंही एकच, 2002 पासूनची बीटी पऱ्हाटी).

पण शून्य युरिया विसरा. क्विंटलभर तांदळासोबत सव्वा किलोच्या आसपास नायट्रोजन शेताबाहेर जाते, तो कुठून तरी भरावाच लागल ना.

मी नागपूरचा, मामाचा धान मौद्याकडे आहे. त्याला 266 रुपये 50 पैशात बॅग मिळते, मग अर्धी बॅग वाचवायला तो महाग बियाणं काहून घेईल? माझ्या मते असं बियाणं खपलंच तर उत्पन्न वाढते म्हणून खपेल. तोवर पानाच्या रंगाचा तक्ता घ्या, पान फिकं दिसलं तरच युरिया, तोही हप्त्यानं, अन् बांधीत पाणी तुडुंब असताना तर फेकूच नका.